आवडीची यादी आणि विस्मृतीची यादी

नरक चतुर्दशीच्या सकाळी डोंबिवलीतील फडके रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून आणि गणेशमंदिरात दर्शन घेऊन तरुणाई या रस्त्यावर लोटते, ही या गावाची रूढ झालेली रीत. साठी ओलांडलेली आम्ही मंडळी त्या गर्दीत फार वेळ टिकत नाही. कडेच्या एका उपाहारगृहात चहा मागवून बसतो. गेल्या दिवाळीत अशाच बैठकीत कुणीतरी विषय काढला : ऐंशीच्या दशकातील आपला सर्वांत आवडता मराठी चित्रपट कोणता? प्रत्येकाने एकच नाव सांगायचे आणि ते का, हेही सांगायचे.

आम्ही सहा जण होतो. माझ्यासह चौघांनी क्षणाचाही विचार न करता ‘अशी ही बनवाबनवी’चे नाव घेतले. पाचवे आमचे ज्येष्ठ स्नेही. फिल्म सोसायटीच्या चळवळीत वाढलेले हे गृहस्थ नाव सांगायलाच तयार होईनात. ‘‘प्रभात आणि राजा परांजपे यांच्या मराठीत तुम्ही साडी नेसलेल्या पुरुषांवर खूश होता, याचीच मला लाज वाटते,’’ असे म्हणून त्यांनी कप बाजूला सारला. सहाव्या होत्या आमच्यातील एकाच्या पत्नी. मुंबईतील एका कचेरीत तीस वर्षे नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, ‘‘माझा ‘उंबरठा’. पण एकदाच पाहिला. पुन्हा पाहायला मिळालाही नाही आणि धीरही झाला नाही.’’

यावर क्षणभर शांतता पसरली आणि मग गाडी पुन्हा ‘बनवाबनवी’तील संवादांवर आली. घरी परतताना मात्र मला ती शांतता आठवत राहिली. चौघांना एकच चित्रपट आवडतो, एकाला सारे दशकच टाकाऊ वाटते आणि जिला खरोखर काही वेगळे सांगायचे आहे तिचे वाक्य अर्धवट राहते. आपल्याकडील चित्रपटविषयक चर्चेचे हे नेहमीचेच चित्र नव्हे काय?

छप्पर शोधणाऱ्यांचा विनोद

प्रथम बहुमताची बाजू पाहू. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. त्याचे कथानक मुळात मराठी नाही. १९५५ च्या एका बंगाली चित्रपटावरून हृषीकेश मुखर्जी यांनी १९६६ मध्ये ‘बीवी और मकान’ केला आणि त्यावरून हा मराठी अवतार घडला. महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) तसाच १९६४ च्या एका गाजलेल्या तमिळ चित्रपटावर बेतलेला होता. आमचे ज्येष्ठ स्नेही या उसनवारीवर नेमके बोट ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु प्रश्न असा की, हिंदीतील ‘बीवी और मकान’ आज किती जणांना आठवतो? मूळ विसरले जावे आणि अनुकरण घराघरांत राहावे, असे का घडले?

त्याचे उत्तर माझ्या मते ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या इतिहासात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबई-पुण्यातील भाडी गोठविली. कायद्याचा हेतू भाडेकरूला संरक्षण देण्याचा होता. परिणाम असा झाला की, एकदा दिलेली खोली परत मिळेल याची घरमालकाला शाश्वती उरली नाही. पागडी आली, अटी आल्या, माणसे पारखून घेणे आले. या पारखणीत एकट्या पुरुषाचा क्रमांक सर्वांत शेवटचा. १९८६ साली नोकरी लागल्यावर मी नौपाड्यात खोली शोधत हिंडत होतो, तेव्हा नाव-गाव विचारण्यापूर्वी एका मालकाने ‘‘लग्न झाले आहे का?’’ हेच विचारले होते. नकारार्थी उत्तर ऐकताच त्यांनी दार इतक्या हळुवारपणे लावले, की रागही धड करता आला नाही.

दोन वर्षांनी पडद्यावर धनंजय माने आपल्या भावासह आणि मित्रांसह पुण्यात खोली शोधू लागला. केवळ दांपत्यालाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोरांसाठी दोघा मित्रांना साड्या नेसाव्या लागल्या. तेव्हा चित्रपटगृहात उसळलेले हास्य निव्वळ साडीचे नव्हते. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून सामान बांधून कल्याणच्या गाडीत बसलेल्या पिढीचे ते हास्य होते. ज्यांना मुंबईने जागा दिली नाही, त्यांनी कर्ज काढून, दागिने गहाण टाकून डोंबिवलीत दोन खोल्यांचा संसार मांडला. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याणची १९८३ साली स्थापन झाली, यावरूनच या भागात माणसांचा लोंढा कोणत्या वेगाने येत होता याची कल्पना यावी. त्याच १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची घरे अस्थिर झाली. नोकरी टिकेल का आणि डोक्यावर छप्पर राहील का, या दोन प्रश्नांनी ग्रासलेल्या समाजाला त्याच प्रश्नांवर पोट धरून हसण्याची संधी या चित्रपटाने दिली.

आणखी एक गोष्ट. हा चित्रपट वसंत सबनीस यांनी लिहिला. ‘विच्छा माझी पुरी करा’सारखे लोकनाट्य ज्यांच्या लेखणीतून उतरले, त्यांना मराठी प्रेक्षकाचे हसू कोठे दडलेले असते हे ठाऊक होते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला स्त्रीवेषातील पुरुष नवा नव्हता. त्याची भव्यता आपण एका पिढीत पाहिली आणि त्याची फजिती दुसऱ्या पिढीत. कथा परकी असली, तरी बोली, माणसे आणि अडचण इथली होती. म्हणून ते रोप रुजले. अशोक सराफ यांना २०२३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या मुलांनीही त्यांचे कौतुक धनंजय मानेच्या नावाने केले. या मुलांचा जन्म चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला आहे.

तेव्हा ज्येष्ठ स्नेह्यांचे ‘टाकाऊ दशक’ हे मत मला मान्य नाही. मात्र त्यांची लाज सर्वस्वी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. यशाच्या मागे धावताना पुढे त्याच साच्याची किती पुनरावृत्ती झाली, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासारख्या गुणी नटाला एकाच प्रकारच्या धांदलीत किती वेळा उभे केले गेले, हे आपण पाहिले आहे. विनोदाची लाट आली, तेव्हा तिने मराठी प्रेक्षक चित्रपटगृहात टिकवला. ओसरली, तेव्हा निर्मात्यांना दुसरे काही सुचेनासे करून गेली. हे दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकाच वेळी सांगण्याइतका मोकळेपणा रसिकाकडे असला पाहिजे.

त्याच दशकातील दुसरी पंगत

आता त्या अर्धवट राहिलेल्या वाक्याकडे वळू. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि मध्यवर्ती भूमिका स्मिता पाटील यांची. सुस्थितीतील घराची सून सुलभा महाजन पती आणि लहान मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी जाते, एवढेच त्याचे सूत्र.

त्या दिवशी पुढे मी वहिनींना मुद्दाम विचारले, ‘‘धीर झाला नाही म्हणजे काय?’’ त्यांनी सांगितले ते असे. लग्नाला वर्ष झाले होते. सासूबाईंनीच हौसेने तिकिटे काढली होती. चित्रपट संपल्यावर दोघी स्थानकापासून घरापर्यंत एक अक्षर न बोलता चालत आल्या. दाराशी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘उद्या तुझा डबा मी भरते. तू तुझी गाडी चुकवू नकोस.’’ त्यानंतर त्या जोवर हिंडत्या-फिरत्या होत्या, तोवर तो डबा त्यांनीच भरला.

‘उंबरठा’ कुटुंबव्यवस्थेच्या मुळावर येतो, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आमच्यासारख्यांच्या बैठकीत तो हलक्या आवाजात निघतो. मला तो पटत नाही. त्या चित्रपटातील घर दुष्ट नाही; ते नुसतेच गृहीत धरणारे आहे. घरातील एका व्यक्तीच्या कर्तृत्वाला जागा करून देणे त्याला जमत नाही, एवढाच त्याचा दोष. आणि तोच दोष ओळखून आपले घर दुरुस्त करणारी एक सासू डोंबिवलीत होती. त्या काळी पहाटे उठून स्वयंपाक उरकून गाडी गाठणाऱ्या हजारो स्त्रिया या स्थानकांतून चढत होत्या. महिलांसाठी स्वतंत्र लोकल सुरू व्हायला अजून दहा वर्षे होती. घर मोडण्याची भीती दाखविणाऱ्या कलाकृतीने एक घर अधिक घट्ट केले असेल, तर तिला कुटुंबविरोधी कसे म्हणावे? प्रश्न विचारणारी कलाकृती समाजाची शत्रू नसते. समाजाचा स्वतःवर विश्वास असेल, तर तो अशा प्रश्नाला उत्तर देतो.

आणि ‘उंबरठा’ एकटा नव्हता. त्या दशकात राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेल्यांची नावे नुसती वाचून पाहावीत : ‘उंबरठा’, ‘शापित’, ‘स्मृतिचित्रे’, ‘महानंदा’, ‘पुढचं पाऊल’, ‘सर्जा’, ‘कळत नकळत’. ग्रामीण शोषण, लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य, गोव्यातील देवदासी परंपरा, हुंड्याचे बळी, शिवकालाच्या पार्श्वभूमीवरील कथा, दुभंगू पाहणारा संसार आणि त्यात होरपळणारी मुले. एका दशकात एका भाषेने एवढ्या दिशांनी पाहिले. यांपैकी ‘शापित’ (अरविंद देशपांडे यांच्यासह), ‘पुढचं पाऊल’ आणि ‘सर्जा’ हे तीन चित्रपट एकट्या राजदत्त यांच्या नावावर आहेत. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने ती बातमी एकमेकांना पाठविली. पण बातमी पाठविणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या आठवड्यात ‘पुढचं पाऊल’ शोधून पाहिला? मी स्वतः पाहिला नव्हता, हे येथे कबूल करतो.

आमच्या टेबलावरील सहा जणांच्या यादीत या सातांपैकी एकच नाव आले, तेही संकोचाने. ही आमच्या टेबलापुरती गोष्ट असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आवडते तेवढेच उरते

कारण असे आहे की, रसिकांची आवड ही निरुपद्रवी बाब नाही. कोणता चित्रपट जगणार आणि कोणता मरणार, हे पुष्कळदा त्या आवडीने ठरते. पुस्तक कपाटात पडून राहिले, तरी वाळवी लागेपर्यंत वाचता येते. चित्रपटाचे तसे नाही. त्या काळच्या रंगीत फिल्मचे रंग वर्षानुवर्षे उडत जातात. दमट हवेत फिल्म आंबते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि अखेर यंत्रावर चढवता येत नाही. निर्माता वृद्ध होतो किंवा निवर्ततो, वारसांना डबे म्हणजे अडगळ वाटते. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली देशभर गाजला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा अमोल साठा जळून गेला, ही जखम महाराष्ट्राच्या अंगावरची आहे.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचून ते उभे केले. अलीकडे शासनाच्या योजनेतून जुन्या चित्रपटांच्या जतनाचे कामही होते. पण संग्रहालय सर्व काही वाचवू शकत नाही; आणि वाचविलेले कपाटातच राहिले, तर ते समाजाच्या स्मरणात राहत नाही. तेथे बाजाराचा न्याय सुरू होतो. वाहिनी तोच चित्रपट दाखवते, जो लोक पुन्हा पुन्हा पाहतात. जो दाखवला जातो त्याची चांगली प्रत तयार करण्यावर खर्च होतो. जो कुणी मागत नाही, त्याची धूसर, कडा कापलेली प्रत कोठेतरी पडून राहते आणि पुढच्या पिढीला तीही सापडत नाही. म्हणजे आपण चहाच्या टेबलावर सहज जी आवडीची यादी करतो, तीच नकळत जतनाची यादी होते आणि जी नावे आपण घेत नाही, त्यांची विस्मृतीची यादी आपोआप तयार होते.

चित्रपटगृहांचे काय झाले ते आपण डोळ्यांदेखत पाहिले आहे. त्या सकाळी ठाण्यातील गणेश, मल्हार, वंदना, डोंबिवलीतील टिळक, गोपी आणि कल्याणचे भानुसागर अशी नावे निघाली, तशी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तिकिटाची रांग, मध्यंतरातील वडा आणि अंधारात बॅटरी दाखवणारा माणूस उमटून गेला. एकपडदा चित्रपटगृहांचा तो काळ संपत आला; काही ठिकाणी संकुले उभी राहिली, काही गृहे कशीबशी तग धरून राहिली. ठाण्यात रिक्षावाल्याला नुसते ‘वंदना’ म्हटले, तर तो आज एस.टी. स्थानकापाशी नेऊन सोडतो. गृहांची नावे अशी पत्त्यांत तरी उरतात. चित्रपटाला तेवढेही भाग्य नसते.

आणि वर्तमानाचे काय? २०१५ साली राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांना सोयीच्या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे आवश्यक केले, तेव्हा आपण त्याचे स्वागत केले. पडदा मागून मिळतो. प्रेक्षक मागून मिळत नाही. नव्या मराठी चित्रपटाचे भवितव्य पहिल्या आठवड्यात ठरते आणि त्या आठवड्यात आपण ‘पूर्वीसारखे चित्रपट आता होत नाहीत’ असे म्हणत घरी ‘बनवाबनवी’ विसाव्यांदा पाहत असतो. १९८८ साली आपल्या वडिलांनी असेच केले असते, तर ‘बनवाबनवी’ तरी आपल्यापर्यंत पोहोचला असता का? ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली आला, तेव्हा या गावाने तो पाहिला, त्यावर वाद घातला. खोली मिळविण्यासाठी धडपडणाऱ्या धनंजय मानेच्या पिढीला खोली मिळाली. पण तिची किंमत रोजच्या गाडीत कशी मोजावी लागते, हे माधव आपटेने दाखविले. दोन चित्रपटांतील हे नाते दिसण्यासाठी दोन्ही पाहिलेले असावे लागतात.

रसिकांचे कर्तव्य

मग करायचे काय? शासनाकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. मला आपल्या हातातील गोष्टी सुचवायच्या आहेत. डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा घातली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. गावातील माणसांनी एकत्र येऊन ठरविले, तर काय होऊ शकते याचा पुरावा आपल्या दाराशीच आहे.

पहिली गोष्ट, आवड विचारली जाईल तेव्हा एक नव्हे, दोन नावे सांगावीत. एक, जो आपण पुन्हा पुन्हा पाहतो. दुसरे, जो इतरांनी पाहावा असे वाटते. या दुसऱ्या नावाने आपली अभिरुची कळते आणि वाढतेही. दुसरी, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत वाचनालये आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत, सोसायट्यांची सभागृहे आहेत. हक्कधारकांची रीतसर अनुमती घेऊन महिन्यातून एक जुना मराठी चित्रपट दाखवावा आणि त्यानंतर अर्धा तास त्यावर बोलावे. त्या अर्ध्या तासात सासू आणि सून, आजोबा आणि नातू यांना एकमेकांचे ऐकावे लागेल. तो लाभ चित्रपटाहून लहान नाही. तिसरी, वाहिन्यांकडे आणि निर्मात्यांच्या वारसांकडे मागणी करावी. मागणी नाही, म्हणून दाखवत नाही, हे उत्तर आपण निदान खोटे पाडू शकतो. आणि चौथी, वर्षातून चार नवे मराठी चित्रपट तरी पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून पाहावेत; आवडला नाही तर स्पष्ट तसे सांगावे. न पाहता नावे ठेवण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

ज्येष्ठ स्नेह्यांना मी हे सारे बोलून दाखविले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग मी ‘बनवाबनवी’ पुन्हा पाहतो. तुम्ही ‘शापित’ पाहा.’’ करार झाला आहे. वहिनींनी ‘उंबरठा’ पुन्हा पाहण्याचे कबूल केले आहे; या वेळी शेजारी त्यांची सून बसणार आहे. पुढच्या नरक चतुर्दशीला आम्ही त्याच टेबलावर बसू, तेव्हा यादी बदललेली असेल की नाही हे सांगता येत नाही. पण त्यांचे वाक्य या वेळी अर्धवट राहणार नाही, एवढी काळजी आम्ही नक्की घेऊ.